नोंद नाही

बावीस वर्षं ठाणे डायरीत
मी एकच शब्द गिरवतोय: इसम.
सदर इसम. अनोळखी इसम.
आणि मन्मथ आला की, वेडसर इसम.

मन्मथ कोरे. आयटीआय, वायरमन.
उदगीरच्या डाळ मिलमध्ये चार वर्षं मोटारी भरल्या त्यानं,
मग मोटारी त्याच्याशी बोलायला लागल्या,
बंद केल्या तरी.
बहीण महिन्याला त्याला अंबाजोगाईला न्यायची.
एक इंजेक्शन, एक चिठ्ठी,
येताना दोघांत एक गिलास उसाचा रस.
"चरक काय म्हणूलालाय रे?"
"गप हाय आज."

त्या मंगळवारी सकाळी
दूध भुकटीच्या बंद कारखान्यामागं
अनसूया बिडवे सापडली.
एक चप्पल पायात, एक बाभळीखाली.
पंच मिळायच्या आधी
आरोपी मिळाला होता.
"त्यो यडाच की, दुसरं कोण करंल असं?"
हे पानटपरीवाला म्हणाला, मग आमचा ड्रायव्हर,
मग तो गुत्तेदार,
ज्याची बायको दोनदा भाजून आलती आमच्याकडं
आणि दोनदा स्टोव्ह भडकला म्हणून सही करून गेलती.
तोही म्हणाला. मान हलवत.

खून वेड्यानं केला म्हटलं
की माणसाला हलकं वाटतं.
भिंतीपलीकडं रात्री जे आपटतं
ते मग नुसतं भांडं असतं.

दहाला फोन आला:
"साहेब, बांधून मारूलालेत त्याला, लवकर या."
डीपीच्या खांबाला बांधलं होतं.
मनगट उलटं झालेलं,
आणि तो खांबाला कान लावून
कुणाला तरी सांगत होता,
लोड जास्त झालाय, लोड जास्त झालाय.

आता जे कुठंच लिहिलं नाही ते लिहितो.

सोमवारी रात्री साडेनऊपासून उजाडेपर्यंत
मन्मथ आमच्याच पायरीवर बसून होता.
पोरांनी त्याच्या पाठीवर बिड्या विझवल्या होत्या,
तक्रार द्यायला आला होता.
मी म्हणालो, जा घरी.
तो गेला नाही. झोपलाही नाही.
वर बघून एवढंच म्हणाला,
"पंख्याची बेअरिंग गेलीय, त्याला दुखूलालंय."
बेअरिंग खरंच गेली होती.
मी नोंद घेतली नाही.
वेडसर इसम, पाठीस चटके,
तपास कुणाचा करायचा?

म्हणजे अख्ख्या उदगिरात
त्या रात्रीचा पक्का साक्षीदार ज्याला होता
असा तो एकटाच,
आणि साक्षीदार मी.
दहापासून साडेबारापर्यंत मी बोललो नाही.
साहेब विचारतील, मग नोंद का नाही?
एवढंच कारण. याहून मोठं काही नाही.
साडेबाराला बोललो,
तोवर एक्स-रे निघाला होता.

शुक्रवारी चुलत दीर कबूल झाला.
प्लॉटची मोजणी, अडीच फूट.
त्याच्या कानात कुणी बोलत नव्हतं.
इस्त्रीचा शर्ट, पतसंस्थेत संचालक.
डॉक्टरनं लिहिलं: मनःस्थिती सामान्य.
खांबाची दोरी त्याच्याच जीपमधली होती.

नंतर एका रात्रपाळीला
जुनी रजिस्टरं काढून बसलो.
कुऱ्हाड, विळा, रॉकेल, पाटा,
बांध, दारू, संशय, दारू.
धरणारे सगळे शुद्धीतले, नाहीतर प्यालेले.
"वेडसर" एकोणीस ठिकाणी सापडला:
दोनदा खरंच त्यांच्यातल्या कुणी काठी उचललेली,
खोटं कशाला सांगू.
बाकी सतरा ठिकाणी तो जखमीच्या रकान्यात.
आणि न लिहिलेले किती,
ते माझं मला ठाऊक.

भागीरथी आता बाजारात दिसली तर रस्ता बदलते.
तो बदलत नाही. प्लास्टरचा हात वर करतो,
फाटकापर्यंत येतो,
पायरी चढत नाही.

पंखा तसाच आहे.
मागणीपत्र दोनदा पाठवलं.
रात्री अडीचच्या सुमाराला तो काहीतरी म्हणतो.
मी वर बघत नाही.